जुन्या तलावाच्या बांधाखाली राहणाऱ्यांनी काय विचारावे

ज्या शहरांच्या पोटात एखादा जुना तलाव आहे, तेथील वाचकांकडून पावसाळ्याच्या तोंडाशी काही ठरावीक प्रश्न दर वर्षी पुन्हा पुन्हा विचारले जातात. आमच्या तलावाचे धरण ‘अधिक धोक्याच्या’ वर्गात असल्याचे वर्तमानपत्रात वाचले, तर ते फुटणार आहे काय? महापालिका म्हणते धरण सुस्थितीत आहे, मग वर्ग धोक्याचा कसा? बांधाच्या सुक्या बाजूस ओल दिसते, ती कोणाच्या कानावर घालावी? आणि हल्ली विशेषेकरून विचारला जाणारा प्रश्न असा, की तलावासमोरच्या नव्या गृहसंकुलात घर घ्यावे की घेऊ नये?

महाराष्ट्रात अशा तलावांची वाण नाही. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव 1842 चा, नागपूरचा अंबाझरी 1870 चा, मुंबईचा पवई 1891 चा. ते बांधले गेले ते गावाची वा नगराची पाण्याची गरज भागविण्यासाठी. पुढे मोठी धरणे झाली, नळाने दूरचे पाणी आले, आणि या तलावांकडे नौकाविहार, उद्यान, संध्याकाळची फेरी आणि सुटीच्या दिवशीची गर्दी एवढेच काम उरले. परंतु उपयोग बदलला म्हणून धरणाचे धरणपण सरत नाही. मातीचा अथवा दगडी बांध तोच, त्यामागे साठलेले पाणी तेच. बदललेले असते ते एवढेच, की ज्या जागेवर पूर्वी पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याची नजर असे तिची देखभाल पुष्कळदा उद्यान खात्याकडे गेलेली असते, आणि बांधाच्या पायथ्याशी जेथे पूर्वी शेते आणि बाभळी होत्या तेथे आता आपण राहत असता.

धोक्याचा वर्ग आणि धरणाची प्रकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

बहुतेक घोटाळा येथेच होतो, म्हणून याकडे थोडे सावकाश पाहू. धरणाचा धोक्याचा वर्ग ठरविताना ते फुटण्याचा संभव किती आहे हे पाहिले जात नाही. ते फुटलेच, किंवा चुकीच्या रीतीने चालविले गेले, तर खालच्या बाजूस किती माणसे, किती घरे, कोणते रस्ते, रुग्णालये, शाळा आणि कारखाने पाण्याखाली जातील हे पाहिले जाते. धरणाची प्रकृती, म्हणजे बांध, पाया, सांडवा, दरवाजे यांची अवस्था, हा स्वतंत्र तपासणीचा विषय आहे. घरात ऐवज किती आहे हा एक प्रश्न आणि दाराची कडी किती मजबूत आहे हा दुसरा, असे मानले म्हणजे हा भेद ध्यानात राहील.

यावरून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही व्यवहाराचे आहेत. पहिला असा, की वरचा वर्ग मिळालेले धरण उत्तम स्थितीत असू शकते, आणि खालच्या वर्गातले धरण जर्जर असू शकते. म्हणून केवळ वर्ग ऐकून घाबरू नये आणि केवळ ‘सुस्थितीत आहे’ एवढ्या उत्तराने स्वस्थही बसू नये. दुसरा अधिक महत्त्वाचा. धरणात तसूभर फरक न होताही त्याचा वर्ग वर सरकू शकतो, कारण खाली वस्ती वाढते. पन्नास वर्षांपूर्वी ज्याच्या पायथ्याशी मोकळे रान होते, त्या धरणास त्या काळी लावलेली कसोटी आज पुरेशी नसते. म्हणून वर्ग कोणत्या साली ठरविला आणि तेव्हा खालच्या वस्तीचा नकाशा कोणता धरला, हे विचारल्यावाचून वर्गाला अर्थ येत नाही.

धरण लहान आहे म्हणून धोका लहान, हा समजही सोडून द्यावा. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण मोठ्या धरणांच्या मानाने अगदी लहान होते. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले तेव्हा पायथ्याशी असलेल्या वाडीवरील घरे वाहून गेली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. गळतीबद्दल ग्रामस्थांनी त्यापूर्वी तक्रारी केलेल्या होत्या.

तपासणीच्या अहवालांत प्रकृतीविषयी तीन प्रवर्ग येतात:

- प्रवर्ग एक: धरण फुटण्यास कारण होऊ शकतील असे गंभीर दोष.
- प्रवर्ग दोन: दुरुस्त होण्याजोगे, परंतु तातडीने हाती घ्यावयाचे दोष.
- प्रवर्ग तीन: दोष नाहीत, अथवा नित्याच्या देखभालीत निघतील असे किरकोळ दोष.

येथे ‘एक’ हा आकडा सर्वांत वाईट अवस्थेचा आहे हे लक्षात असू द्यावे. कोणी अधिकारी अथवा वार्ताहर नुसता आकडा सांगेल, तर तो प्रकृतीच्या यादीतला की धोक्याच्या यादीतला हे आधी विचारून घ्यावे.

आपला तलाव कायद्याच्या कक्षेत येतो काय?

धरण सुरक्षा अधिनियम, 2021 हा कायदा 30 डिसेंबर 2021 पासून अंमलात आला. तो सर्व बांधांना लागू नाही. ज्यांना कायद्याच्या भाषेत विनिर्दिष्ट धरण म्हणतात त्यांनाच लागू आहे. त्याची कसोटी अशी:

- पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंतची उंची 15 मीटरपेक्षा अधिक असल्यास धरण आपोआप कक्षेत येते.
- उंची 10 ते 15 मीटरच्या दरम्यान असेल, तर पुढीलपैकी एक तरी गोष्ट असावी लागते: माथ्याची लांबी किमान 500 मीटर, साठवण किमान 10 लाख घनमीटर, सांडव्याने सोडावयाचा महत्तम पूर सेकंदास किमान 2000 घनमीटर, पायाची विशेष बिकट अडचण, अथवा संकल्पनेतील असाधारणता.

उंची पायापासून मोजावयाची असते, जमिनीपासून नव्हे; म्हणून वरून पाहता जेमतेम आठ-नऊ मीटर वाटणारा बांधही कक्षेत असू शकतो. धरण कायद्यापूर्वीचे आहे ही सबब येथे चालत नाही, आणि मालक शासनच असले पाहिजे असेही नाही; महापालिका, नगरपरिषद, कंपनी अथवा खासगी व्यक्ती यांपैकी कोणीही मालक असला तरी जबाबदारी त्याचीच. कायद्याने त्याच्यावर घातलेल्या कर्तव्यांपैकी आपल्या उपयोगाची ही:

- दर वर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशा दोन तपासण्या करविणे, तसेच मोठा पूर, भूकंप किंवा काही विपरीत चिन्ह दिसल्यास वेगळी तपासणी करणे.
- धरणाची नोंदवही ठेवणे आणि देखभालीसाठी निधीची तजवीज करणे.
- आपत्कालीन कृती आराखडा तयार करणे. कायदा येण्यापूर्वी भरलेल्या धरणांसाठी याची मुदत पाच वर्षांची, म्हणजे 30 डिसेंबर 2026 पर्यंतची आहे.
- स्वतंत्र तज्ज्ञमंडळाकडून सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन करविणे. पहिल्या मूल्यमापनास मुदत तीच.

धोक्याचा वर्ग ठरविण्याचे काम याच कायद्याच्या कलम 17 ने राज्याच्या धरण सुरक्षा संघटनेवर सोपविले आहे, मालकावर नव्हे. महाराष्ट्रात ही संघटना नाशिकला आहे. सबब, वर्ग विचारावयाचा तो नाशिकच्या कचेरीस, आणि प्रकृती व देखभाल विचारावयाची ती मालकास. हे उलटे झाले म्हणजे दोन्ही ठिकाणांहून ‘हा विषय आमच्याकडील नाही’ असे उत्तर येते आणि त्यात एक पावसाळा निघून जातो.

तलाव या कसोटीत बसत नसेल तर हात जोडून बसण्याचे कारण नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार जिल्हाधिकारी ज्याचे अध्यक्ष असतात ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण लहानमोठ्या सर्वच धोक्यांची दखल घेण्यास बांधलेले आहे.

सांडव्याकडे आधी पाहावे

धरण पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा बांध पाहतो. आपण आधी सांडवा पाहावा. तलाव पूर्ण भरल्यावर अधिकचे पाणी जेथून वाहून जाते ती ही वाट. मातीच्या धरणाचे आयुष्य बहुतांशी तिच्यावर अवलंबून असते, कारण मातीचा बांध आपल्या माथ्यावरून वाहणारे पाणी सहन करू शकत नाही. पाणी माथा ओलांडून सुक्या बाजूच्या उतारावरून धावू लागले म्हणजे ते उतार कुरतडते, खाच मागे सरकत माथ्यास येऊन भिडते, आणि मग भगदाड पडण्यास फारसा अवधी लागत नाही.

एकोणिसाव्या शतकातील सांडवे त्या काळच्या तुटपुंज्या पर्जन्यनोंदींवरून बांधलेले आहेत. पाणलोटातील मुरमाड माळ, शेते आणि झाडोरा जाऊन त्या जागी सिमेंटचे रस्ते आणि इमारती आल्या, की तेवढ्याच पावसाचे पाणी अधिक प्रमाणात आणि अधिक वेगाने तलावात उतरते. त्यात गाळ साठून तलाव उथळ झालेला असतो आणि जलपर्णीचे तट सांडव्याच्या तोंडाशी येऊन बसतात. भारतीय मानक 11223 प्रमाणे सुमारे 5 लाख ते 1 कोटी घनमीटर साठ्याच्या लहान धरणाचा सांडवा निदान शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरास पुरेसा असावा, मध्यम आणि मोठ्या धरणांचा त्याहून मोठ्या पुरास. आणि खाली वस्ती दाट असेल तर त्याहून कडक कसोटी लावण्यासही मुभा आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र निर्धास्त होऊ नये. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याचा संभव शेकडा एक असतो, आणि 30 वर्षांच्या अवधीत, म्हणजे एका गृहकर्जाच्या मुदतीत, तो एकदा तरी येण्याचा संभव शेकडा 26 इतका होतो.

करमणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या तलावांवर सांडव्याला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे शोभा. नौकाविहारास पाणी अधिक उंच राहावे म्हणून सांडव्यावर फळ्या बसविल्या जातात. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळ्या लावल्या जातात. लोकांना उभे राहून पाणी पाहता यावे म्हणून वाटेत कठडे, पूल, चौथरे उभे राहतात. या गोष्टी करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, म्हणूनच त्यांना कोणी हरकत घेत नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात साउथ फोर्क नावाचे जुने मातीचे धरण होते. कालव्याला पाणी पुरविण्याचे त्याचे काम संपल्यावर 1879 साली ते धनिकांच्या मासेमारी व शिकारीच्या एका क्लबाने विकत घेतले. तळातून पाणी सोडण्याचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने मोडीत विकलेले होते. ते पुन्हा बसविले गेले नाहीत. गाड्या सुखाने जाव्यात म्हणून माथा काही फूट उतरविला गेला, आणि मासे राहावेत म्हणून सांडव्यात जाळ्या बसविल्या गेल्या. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेले, धरण फुटले, आणि सुमारे 14 मैल खाली असलेल्या जॉन्सटाउन नगरात 2,209 माणसे मेली.

नागपूरचा अनुभव अगदी अलीकडचा आहे. 23 सप्टेंबर 2023 रोजी पहाटेपूर्वी काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपलेल्या लोकांच्या घरांत पाणी शिरले. काहींचे प्राण गेले, हजारो घरांचे नुकसान झाले. त्या दिवशी धरण फुटले नव्हते, हे मुद्दाम सांगावयास हवे. नुसता सांडव्यावरून आलेला विसर्ग आणि त्याला पुढे न मिळालेली वाट एवढ्यानेही हे घडते. सांडव्यासमोर उभारलेल्या स्मारकाचा प्रवाहास अडथळा होतो, ही तक्रार घेऊन पूरग्रस्त रहिवासी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेने गेले. आणि जुन्या तलावांच्या सुरक्षेची चर्चा आपल्याकडे सर्वसामान्य माणसाच्या दारापर्यंत आली ती त्या पुरामुळे.

म्हणून आपल्या तलावाच्या सांडव्याविषयी इतके अवश्य पाहावे: तोंडाशी जलपर्णी वा कचरा आहे काय, माथ्यावर फळ्या, जाळ्या किंवा भिंत आहे काय, सांडव्याच्या पुढील पुच्छ कालवा नदीनाल्यास मिळेपर्यंत मोकळा आहे, की मध्येच वाहनतळ, भराव अथवा बांधकाम झालेले आहे? अडथळा आढळल्यास तारखेसह छायाचित्र घ्यावे, आणि शक्य तर त्याच जागेवरून पावसाळ्यात पुन्हा घ्यावे.

बांधावर फिरताना

आपण अभियंता नसलात तरी डोळस फेरी आपल्याला करता येते, आणि रोज फिरावयास येणाऱ्या माणसास जे दिसते ते वर्षातून दोनदा येणाऱ्या तपासनिसास दिसेलच असे नाही. मातीच्या बांधावर पुढील चिन्हे पाहावीत.

- पाझर. मातीच्या धरणातून थोडा पाझर असणे स्वाभाविक आहे, आणि पायथ्याच्या निचऱ्यातून स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर तो निचरा आपले काम करीत आहे असे समजावे. परंतु पाणी गढूळ येऊ लागले, अथवा तलावाची पातळी तीच असता पाझर वाढला, तर आतील माती वाहून जात आहे असे मानून त्याच दिवशी कळवावे.
- पायथ्याशी उकळ्या. पायथ्याच्या जमिनीतून वाळूसह पाणी उसळत असेल, तर ते तातडीचे चिन्ह आहे.
- माथ्यावरील भेगा आणि खचणे. माथ्याच्या लांबीस समांतर भेग, कठड्याची वा दिव्यांच्या खांबांची मोडलेली ओळ, उताराला आलेला फुगवटा.
- झाडे आणि बिळे. पिंपळ, वड, सुबाभूळ यांची मुळे बांधात खोल जातात, आणि झाड मेले की मुळांची जागा पोकळ होते. घुशींची बिळेही तशीच घातक. झाड दिसले म्हणून ते आपण होऊन तोडू मात्र नये. मोठे झाड मुळासकट काढणे हे अभियंत्याच्या देखरेखीचे काम आहे.
- पाणबाजूचे पिचिंग. दगड निखळून लाटांनी माती खाल्लेली जागा.

दगडी धरणात चुन्याच्या दरजांतून उतरणारे पांढरे ओघळ आणि झिरपणारी ओल पाहावी. चुना विरघळून जात असल्याचे ते लक्षण आहे. चर खणणे, नळ वा केबल टाकणे, कारंजी आणि दुकाने यांसाठी बांध पोखरणे हे काम कोणत्याही बांधावर चाललेले दिसले, तर त्यास धरणाच्या अभियंत्याची लेखी मंजुरी आहे काय असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

कागद कोणते मागावे

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 येथे फार उपयोगी पडतो. अर्जास 10 रुपये शुल्क. उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द सुमारे 150 पर्यंत ठेवावे लागतात; म्हणून सगळे एकाच अर्जात कोंबू नये. मालकास द्यावयाच्या अर्जात मागावयाचे कागद:

- गेल्या तीन वर्षांचे पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे तपासणी अहवाल, आणि त्यांतील प्रत्येक दोषावर झालेल्या कार्यवाहीची नोंद.
- सांडव्याची संकल्पित विसर्गक्षमता, आणि पुराचा फेरआढावा शेवटी कोणत्या साली घेतला.
- आपत्कालीन कृती आराखडा आणि पूरव्याप्तीचा नकाशा.
- सांडवा व पुच्छ कालवा यांच्या हद्दीत दिलेल्या सर्व बांधकाम परवानग्या.

नाशिकच्या संघटनेस वेगळा अर्ज करून धोक्याचा वर्ग, तो ठरविल्याचे साल आणि धरण विनिर्दिष्ट यादीत आहे की नाही हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळवावे, कारण पुढील सारा पत्रव्यवहार त्यावर उभा राहतो.

सुरक्षिततेचे कारण सांगून काही वेळा नकार दिला जातो. तो आला तर 30 दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. बांधाचे तपशीलवार रेखाटन देण्यास हरकत असली, तरी आपले घर पूरव्याप्तीत येते की नाही एवढे सांगण्यास कोणती हरकत आहे, असा नेमका प्रश्न अपिलात घालावा. याच कायद्याने आपल्याला कागदांप्रमाणेच कामाची प्रत्यक्ष पाहणी मागण्याचाही अधिकार दिलेला आहे. त्याचा उपयोग लोक फार कमी करतात. जीविताशी निगडित माहिती 48 तासांत देण्याचेही बंधन आहे, परंतु हे कलम खरोखर तातडीचे चिन्ह दिसेल तेव्हाच वापरावे.

तक्रार कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने

तोंडी सांगून घरी जाऊ नये. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि प्रत नाशिकच्या संघटनेस व जिल्हाधिकाऱ्यांस पाठवावी. अर्जात मत कमी आणि निरीक्षण अधिक असावे: कोणत्या तारखेस, बांधाच्या कोणत्या भागात, तलावाची पातळी किती असता काय दिसले. ‘धरण फुटणार आहे’ असे लिहिलेला अर्ज अतिशयोक्त म्हणून बाजूस पडतो, आणि ‘डाव्या टोकापासून साधारण दोनशे पावलांवर पायथ्याशी गढूळ पाणी येते, चार दिवसांपूर्वी ते स्वच्छ होते’ असे लिहिलेल्या अर्जाची दखल घ्यावीच लागते.

दाद लागली नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या लोकशाही दिनी विषय मांडावा. सांडव्यातील अडथळा हा सार्वजनिक उपद्रव ठरू शकतो, आणि तो दूर करण्याचा सशर्त हुकूम काढण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 152 ने कार्यकारी दंडाधिकाऱ्यास दिलेला आहे. या उपायास वकिलाचा मोठा खर्च लागत नाही आणि तो पावसाळ्यापूर्वी मागता येतो. धरण सुरक्षा अधिनियमाखाली संघटनेच्या निर्देशांचे पालन न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत, आणि त्यामुळे जीवितहानी झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. जनहित याचिका हा शेवटचा मार्ग. तेथे जाताना आधीच्या अर्जांच्या पोचपावत्या हाच आपला खरा आधार असतो.

घर घेताना

सातबारा किंवा मिळकतपत्रिका पाहून पुराचा धोका कळत नाही. नगररचना कार्यालयातून झोन दाखला घ्यावा आणि विकास आराखड्यावर पूररेषा पाहाव्यात. निळी रेषा सुमारे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, आणि निळ्या व लाल यांमध्ये नियंत्रित क्षेत्र. परंतु या रेषा नदीच्या पुराच्या आहेत. धरण फुटल्यास पाणी कोठवर येईल ती मर्यादा निराळी असते आणि ती आपत्कालीन आराखड्यातच सापडते. विकसकाने ‘आपण लाल रेषेच्या बाहेर आहोत’ असे सांगितले तर ते खरे असूनही पुरेसे नसते. तळघरात वाहनतळ किंवा विजेचे मुख्य फलक असतील, तर पायथ्याजवळ ती इमारत मी स्वतः टाळीन.

विम्याविषयी थोडक्यात. भारत गृह रक्षा या प्रमाणित घरविम्यात पूर व जलमय होणे यांचे संरक्षण असते. तथापि घरातील सामानाची रक्कम आणि वगळलेल्या बाबी विमापत्रात वाचून घ्याव्यात. गृहकर्जासोबत बँकेने दिलेला विमा पुष्कळदा कर्जाचा असतो, घराचा नव्हे.

अमेरिकेत तळ्याकाठी राहणाऱ्या वाचकांसाठी

तेथे कित्येक वसाहतींच्या तळ्याचे धरण वसाहतीच्या संघाच्याच मालकीचे असते, म्हणजे सभासद या नात्याने अंशतः आपल्याच. घर घेण्यापूर्वी संघाकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: धोक्याचा वर्ग, शेवटचा तपासणी अहवाल, आणि दुरुस्तीसाठी राखीव निधीची शिल्लक. तेथील वर्ग तीन: खालचा, मधला आणि वरचा, फुटल्यास मनुष्यहानी संभवते तो वरचा. जुने धरण खालच्या वस्तीमुळे वरच्या वर्गात चढले, की सांडवा वाढविण्याचा आदेश येऊ शकतो, आणि खर्चाची वाटणी सभासदांवर येते. धरणांच्या राष्ट्रीय यादीत वर्ग आणि प्रकृती दोन्ही कोणासही पाहता येतात. सामान्य घरविम्यात पूर नसतो. राष्ट्रीय पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो सहसा 30 दिवसांनी लागू होतो.

रात्री पाणी आले तर

आपत्कालीन आराखडा असला तरी तो बहुधा कचेरीच्या दफ्तरात असतो, आणि अंबाझरीचे पाणी आले तेव्हा लोक झोपेत होते. म्हणून आराखड्यातील चार गोष्टी आपल्या गृहसंस्थेच्या सूचनाफलकावर लागल्या पाहिजेत, आणि आराखडाच नसेल तर प्राधिकरणाकडून त्या लेखी मागवाव्यात: इशारा कोण, कोणत्या भोंग्याने किंवा संदेशाने देणार, फुटल्यापासून आपल्या गल्लीत पाणी येण्यास किती मिनिटे, सर्वांत जवळची उंच जागा कोणती, आणि तेथे जाण्याचा जो रस्ता पाण्याखाली जाणार नाही तो कोणता. नाल्यावरचा पूल ओलांडून जाणारा रस्ता त्यात धरू नये.

तळमजल्यावर राहणाऱ्या वृद्धांची, आजाऱ्यांची आणि लहान मुलांची नावे व त्यांना वर नेणाऱ्यांची नावे जून महिन्याच्या सभेतच ठरवून ठेवावीत. अंगणात पाणी चढू लागले, की विजेचा मुख्य खटका हात कोरडे असतानाच बंद करावा, तळघरातील वाहन काढण्यास कोणीही खाली उतरू नये, आणि आधी वर चढून मग दूरध्वनी करावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077. तो न लागल्यास 112.